बास सामुद्रधुनीच्या पक्ष्यांचे पंचांग

ऑस्ट्रेलियाचा आग्नेय किनारा आणि तस्मानिया बेट यांच्यामधील बास सामुद्रधुनीत लहानमोठी अनेक बेटे विखुरलेली असून, त्यांच्या गवताळ, भुसभुशीत जमिनीत दरवर्षी नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात लाखो अंडी जवळजवळ एकाच वेळी घातली जातात. ही अंडी आखूड शेपटीच्या शिअरवॉटर या समुद्रपक्ष्याची असतात. सुमारे अर्धा किलो वजनाचा, पंख पसरले असता मीटरभर रुंद भरणारा आणि काळपट तपकिरी रंगाचा हा पक्षी लाटांच्या अगदी जवळून, क्वचितच पंख हलवत उडतो आणि जमिनीवर केवळ विणीपुरता येतो. मादी हंगामात एकच अंडे घालते आणि ते फुटले किंवा हरवले तर त्या वर्षी दुसरे घालत नाही. १९ नोव्हेंबरच्या सुमारास अंडी दिसू लागतात, २४ ते २६ तारखांच्या आगेमागे बहुतेक माद्यांची अंडी घालून होतात आणि डिसेंबरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत सारे आटोपते. बेट कोणतेही असो आणि त्या वर्षीचा वसंत कोरडा असो वा ओला, तारखा फारशा हलत नाहीत. त्याआधी दोनच महिने हेच पक्षी पृथ्वीच्या दुसऱ्या गोलार्धातून, जपानजवळच्या आणि बेरिंग समुद्राच्या पाण्यातून निघून विषुववृत्त ओलांडत आलेले असतात, हे ध्यानात घेतले म्हणजे या वक्तशीरपणाचे मोल कळते.

या पक्ष्याचे वर्ष असे उलगडते. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात थवे बेटांवर उतरतात, जुनी बिळे साफ करतात आणि जोड्या पुन्हा जुळतात. नोव्हेंबर सुरू होताच मात्र बेटे ओस पडतात, कारण नर-मादी दोघेही सुमारे तीन आठवड्यांसाठी समुद्रावर निघून जातात, आणि याच काळात मादीच्या शरीरात अंडे तयार होते. परतल्यावर मादी लगोलग अंडे घालते आणि उबवण्याची पहिली दीर्घ पाळी नर घेतो. सुमारे ५३ दिवसांनी, म्हणजे जानेवारीच्या मध्याच्या आसपास, पिल्लू बाहेर येते. आईबाप कधी जवळच्या पाण्यात, तर कधी थेट अंटार्क्टिक समुद्रापर्यंत जाऊन त्याच्यासाठी अन्न आणतात, आणि पिल्लू इतके चरबीदार होते की त्याचे वजन आईबापांच्या वजनालाही मागे टाकते. एप्रिलच्या मध्यास प्रौढ पक्षी बेट सोडून निघून जातात. बिळात एकटे राहिलेले पिल्लू सुमारे दोन आठवडे साठलेल्या चरबीवर जगते आणि एप्रिलअखेर किंवा मेच्या आरंभी एखाद्या वाऱ्याच्या रात्री स्वतःच उडून जाते. वाट दाखवणारा प्रौढ पक्षी त्याच्या सोबत नसतो. त्याला निघायचे केव्हा आणि जायचे कोठे हे कोणी शिकवलेले नाही, ही या साऱ्या इतिहासातील सर्वांत विलक्षण गोष्ट आहे, आणि ती नीट समजून घेण्यास विज्ञानाला विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत थांबावे लागले.

युरोपीय लेखनात या पक्ष्याने प्रवेश केला तो एका जहाजफुटीच्या निमित्ताने, आणि त्या जहाजाचा संबंध भारताशी होता. कोलकात्याच्या कॅम्पबेल अँड क्लार्क या व्यापारी पेढीचे ‘सिडनी कोव्ह’ हे जहाज रम आणि इतर माल घेऊन नोव्हेंबर १७९६ मध्ये हुगळीतून सिडनीकडे निघाले. त्यावरील खलाशी बहुतांशी भारतीय होते. फेब्रुवारी १७९७ मध्ये गळती लागलेले जहाज बास सामुद्रधुनीच्या पूर्व टोकावरील फर्नो द्वीपसमूहात, पुढे प्रिझर्वेशन नाव पडलेल्या बेटाला टेकवावे लागले. मदत आणण्यासाठी १७ जणांनी मोठी होडी सोडली, ती मुख्य भूमीच्या किनाऱ्यावर फुटली आणि तेथून सिडनीपर्यंतची शेकडो मैलांची पायपीट तिघांनीच पुरी केली. त्या तिघांत एक भारतीय खलाशी होता. १७९८ च्या फेब्रुवारीत उरलेला माल आणण्यासाठी ‘फ्रान्सिस’ नावाची नौका पाठवण्यात आली आणि तिच्यावर मॅथ्यू फ्लिंडर्स हा तरुण नौदल अधिकारी होता. बेटांच्या गवताळ भागात सशांच्या बिळांसारखी बिळे करून राहणारे, दिवस मावळताना समुद्रावरून परतणारे हे पक्षी त्याने तेव्हा पाहिले, आणि बिळात हात घालून त्यांना पकडताना साप हाती लागण्याचा धोका असतो, हेही नोंदले.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात फ्लिंडर्स आणि जॉर्ज बास ‘नॉरफोक’ नौकेतून तस्मानियाला प्रदक्षिणा घालत असताना बेटाच्या वायव्य टोकाजवळ त्यांना शिअरवॉटरांचा एक प्रवाह आडवा गेला. तो दीड तास अखंड चालू होता. थव्याची उंची सुमारे ५० यार्ड आणि रुंदी ३०० यार्ड धरून, वेग तासाला ३० मैल मानून आणि प्रत्येक पक्ष्याला ९ घनयार्ड जागा देऊन फ्लिंडर्सने हिशेब केला, तेव्हा संख्या १५ कोटी १५ लाख इतकी आली. एवढ्यांना बिळे किती लागतील आणि ती किती चौरस मैल जमीन व्यापतील, याचेही गणित त्याने पुढे मांडले. हा आकडा आज कोणी अक्षरशः घेत नाही आणि या जातीची एकूण संख्या आता काही कोटींत मोजली जाते. परंतु हिशेबातील एक गोष्ट वेळेच्या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. फ्लिंडर्सने उडणाऱ्या पक्ष्यांच्या निम्मी बिळे धरली, कारण एका बिळात एक जोडी हे त्याला ठाऊक होते. डिसेंबरच्या त्या दिवसांत मात्र अंडी नुकतीच घातलेली असतात आणि प्रत्येक जोडीतील एक पक्षी जमिनीखाली अंड्यावर बसलेला असतो. म्हणजे त्याच्यासमोरून गेलेल्या थव्यात अंड्यांवरून मोकळे झालेले जोडीदार आणि अजून वीण सुरू न केलेले तरुण पक्षी यांचाच भरणा असणार. मोजणाऱ्याला संख्या दिसली, पण संख्येमागचे पंचांग अजून कोणाही युरोपीय माणसाला माहीत नव्हते.

ते माहीत होते तस्मानियाच्या मूळ रहिवाशांना. किनाऱ्यावरील आणि जवळच्या बेटांवरील वसाहतींतून पक्षी आणि अंडी गोळा करणे हा त्यांच्या जीवनक्रमाचा भाग होता आणि या पक्ष्याला ते आज योला म्हणतात. १७९८ नंतर सामुद्रधुनीत सील मारणाऱ्यांच्या टोळ्या आल्या. त्यांनी काही दशकांतच सील जवळजवळ संपवले आणि मूळ रहिवासी स्त्रियांना पळवून किंवा देवघेवीने मिळवून बेटांवर नेले. तस्मानियाच्या मुख्य भूमीवर मूळ रहिवाशांचा संहार चालू असताना, आणि १८३३ ते १८४७ या काळात सरकारने फ्लिंडर्स बेटावरील वायबालेना येथे डांबलेल्यांपैकी बहुतेक रोगराईने मरत असताना, या लहान बेटांवरील स्त्रियांनी आणि त्यांच्या मुलांनी आपले ज्ञान जिवंत ठेवले. त्या ज्ञानाचा मोठा भाग वेळेचे ज्ञान होता. अंड्यांसाठी नोव्हेंबरअखेरचे मोजके दिवस, पिल्लांसाठी मार्चच्या अखेरीपासून एप्रिलअखेरपर्यंतचे पाच आठवडे. पिल्लू आधी काढले तर ते पुरेसे भरलेले नसते आणि उशीर झाला तर त्याची चरबी उतरू लागलेली असते, हे बिळात कोपरापर्यंत हात घालणाऱ्यांना वजनावरूनच कळत असे.

सील संपल्यावर पक्ष्यांचा हा हंगाम बेटांच्या अर्थव्यवस्थेचा कणा झाला. पक्षी मिठात मुरवून पिंपांत भरले जात, त्यांच्या पोटातील तेल आणि अंगावरील पिसे वेगळी विकली जात आणि होड्या भरून हा माल तस्मानियाच्या लॉन्सेस्टन बंदरात जाई. ल्युसी बीटन या बेटवासी व्यापारी स्त्रीचे नाव एकोणिसाव्या शतकातील या व्यापाराशी जोडलेले आहे. केप बॅरन बेटावर हंगामात शाळाही बंद ठेवली जाई, कारण सगळी कुटुंबे पक्ष्यांच्या बेटांवर मुक्कामाला गेलेली असत. समाजाचे वर्ष पक्ष्याच्या वर्षाला असे बांधले गेले. वसाहतीच्या सरकारने या लोकांचे मूळ रहिवासीपण वारंवार नाकारले, तरी त्यांच्या परंपरेचा सर्वांत सलग पुरावा हा हंगामच राहिला. १९९५ च्या कायद्याने तस्मानियातील काही जमिनी मूळ रहिवाशांना परत मिळाल्या, तेव्हा त्यांत माउंट चॅपल, बेबेल आणि ग्रेट डॉग ही पक्ष्यांची बेटे होती.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तारखांची ही कीर्ती छापील निसर्ग-साहित्यात आली. तस्मानियाचे बिशप हेन्री माँटगोमेरी यांना धर्मकार्यासाठी बेटांच्या फेऱ्या कराव्या लागत. दुसऱ्या महायुद्धातील सेनानी बर्नार्ड माँटगोमेरी हे त्यांचे पुत्र. बिशपांनी या पक्ष्याच्या सवयींवर लिहिलेला लेख १८९८ मध्ये ‘आयबिस’ या ब्रिटिश पक्षिविज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अशा लेखनातून दक्षिण उन्हाळ्यातील सहा-सात महिन्यांचे चित्र स्पष्ट झाले, परंतु मे ते सप्टेंबर हा काळ कोराच राहिला. उत्तर पॅसिफिकमध्ये त्याच महिन्यांत दिसणारे प्रचंड थवे याच जातीचे आहेत, हे जहाजांवरील निरीक्षणांतून आणि जमवलेल्या नमुन्यांतून हळूहळू पक्के झाले. मग प्रश्न उभा राहिला तो असा: इतक्या दूर असताना या पक्ष्याला परतण्याची वेळ कळते कशी?

या प्रश्नाला धार आली ती कॅनडातील एका प्रयोगाने. अल्बर्टा विद्यापीठातील विल्यम रोवन यांनी १९२० च्या दशकात जंको नावाचे छोटे पक्षी कडाक्याच्या हिवाळ्यात उघड्या पिंजऱ्यांत ठेवले आणि विजेच्या दिव्यांनी त्यांचा दिवस रोज थोडा थोडा वाढवला. बाहेर हिमवर्षाव होत असताना त्या पक्ष्यांच्या जननग्रंथी, म्हणजे वीर्य आणि अंडी निर्माण करणारी इंद्रिये, वसंतात वाढतात तशा वाढल्या. १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाने दिवसमान, म्हणजे दिवसातील उजेडाचा कालावधी, हाच पक्ष्यांचा ऋतुदर्शक असतो हा विचार रुजवला. उत्तर गोलार्धातच राहणाऱ्या पक्ष्यांपुरता तो समाधानकारक होता. विषुववृत्त ओलांडणाऱ्या पक्ष्याचे काय, याचे उत्तर त्यात नव्हते. बास सामुद्रधुनीतील शिअरवॉटर दक्षिणेचा उन्हाळा संपताना निघतो आणि उत्तरेच्या उन्हाळ्यात पोहोचतो. त्याच्या वाट्याला वर्षातून दोनदा वाढत्या दिवसांचा काळ येतो, आणि त्यांपैकी एकदाच त्याने विणीला लागायचे असते. शिवाय विषुववृत्ताजवळून जाताना दिवस आणि रात्र जवळजवळ समान असतात, त्यामुळे तेथे उजेडावरून ऋतू ओळखण्याची सोयच नसते. लांब दिवस हा सरळ इशारा असता, तर हा पक्षी उत्तर पॅसिफिकच्या मध्यावर, जमिनीपासून दूर असताना, विणीसाठी सिद्ध व्हायला हवा होता.

हे कोडे अंगावर घेतले डॉमिनिक सर्व्हेंटी आणि जॉक मार्शल या दोन ऑस्ट्रेलियन प्राणिशास्त्रज्ञांनी. पश्चिम ऑस्ट्रेलियात क्रोएशियन कुटुंबात जन्मलेले सर्व्हेंटी राष्ट्रीय वैज्ञानिक संस्थेच्या वन्यजीव विभागात काम करत. तरुणपणी बंदुकीच्या अपघातात एक हात गमावलेले मार्शल पक्ष्यांच्या प्रजननचक्राचे जाणकार होते आणि पुढे मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात प्राणिशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. सर्व्हेंटींनी १९४७ मध्ये फ्लिंडर्स बेटाला लागून असलेल्या फिशर नावाच्या अगदी छोट्या बेटावर प्रत्येक बिळाला क्रमांक देऊन आणि प्रत्येक पक्ष्याच्या पायात धातूचे कडे घालून अभ्यास सुरू केला. एकाच वसाहतीतील ओळखीच्या पक्ष्यांचा इतका दीर्घकाळ चाललेला अभ्यास जगात फार थोड्या ठिकाणी झाला आहे. जोडी वर्षानुवर्षे त्याच बिळाकडे आणि बहुधा त्याच जोडीदाराकडे परतते, पिल्लू पहिल्यांदा वीण करण्याआधी पाच किंवा त्याहून अधिक वर्षे जातात आणि काही पक्षी तीस वर्षांहून अधिक जगतात, या गोष्टी त्या कड्यांनी सिद्ध केल्या. वेळेच्या प्रश्नासाठी याचे महत्त्व असे की नोव्हेंबरअखेर अंडे घालणारी मादी तीच आहे आणि गेल्या वर्षीही तिने त्याच सुमारास अंडे घातले होते, हे आता अंदाजाने नव्हे तर खात्रीने सांगता येऊ लागले.

१९५६ मध्ये मार्शल आणि सर्व्हेंटी यांनी या पक्ष्याच्या संपूर्ण प्रजननचक्राचा विस्तृत वृत्तांत प्रसिद्ध केला. आरंभीच्या नोव्हेंबरातील ते बेटे ओस पडणे त्यात नीट उलगडले. बेटांवरच्या लोकांना ते पिढ्यान्‌पिढ्या माहीत होते, पण अंड्याच्या वाढीशी त्याचा संबंध शरीरविच्छेदनाशिवाय कळणे शक्य नव्हते. एवढ्या लांबच्या प्रवासानंतर मादीला लगेच अंडे घालता येत नाही, कारण तिच्या वजनाच्या मानाने अंडे फार मोठे असते. तिला पुन्हा समुद्रात जाऊन शरीर भरावे लागते. म्हणून येण्याची तारीख आणि अंडी घालण्याची तारीख यांमधले हे तीन आठवडे साऱ्या वेळापत्रकाचा सर्वांत नाजूक सांधा ठरतात.

निर्णायक काम मात्र पिंजऱ्यात झाले. या दोघांनी काही शिअरवॉटर एक वर्षाहून अधिक काळ कैदेत ठेवले आणि त्यांना वेगवेगळ्या प्रकारचा उजेड दिला. काहींना दक्षिणेच्या हिवाळ्यातील आखूड दिवस, तर काहींना उत्तरेकडे गेले असते तर मिळाला असता तसा लांबलेला दिवस. समुद्री पक्षी बंदिवासात वर्षभर जगवणे हेच मोठे कौशल्याचे काम होते. त्यांचे पंख एकदाही विषुववृत्त ओलांडून गेले नाहीत, उत्तरेचा उन्हाळा त्यांपैकी काहींनी पाहिलाच नाही, तरीही त्यांच्या जननग्रंथींनी आपली वाढ नेहमीच्या सुमारासच साधली. १९५९ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या टिपणात त्यांनी याचा अर्थ स्पष्ट शब्दांत मांडला: या पक्ष्याच्या शरीरात प्रजननाची स्वतःची अंतर्गत लय आहे, आणि तिला बाहेरचा प्रकाश दिशा देत असेल, पण जन्म देत नाही. स्थलांतराच्या अभ्यासात या टिपणाचे स्थान जेवढे मानले जाते त्याहून बरेच वरचे आहे, कारण त्याने प्रश्नाचे ठिकाणच बदलले. ऋतू कोठे दिसतो याऐवजी ऋतू शरीरात कसा मोजला जातो, हे विचारणे भाग पडले.

पुढील दशकात जर्मनीत एबरहार्ड ग्विनर यांनी लहान स्थलांतरी पक्ष्यांना बारा तास उजेड आणि बारा तास अंधार अशा न बदलणाऱ्या स्थितीत दीर्घकाळ ठेवून हीच गोष्ट आणखी काटेकोरपणे दाखवली. पक्ष्यांची पिसे गळणे, प्रवासाची अस्वस्थता आणि वजन वाढणे हे सारे वर्षाच्या चक्राने चालू राहिले, परंतु त्या चक्राची लांबी बारा महिन्यांहून काहीशी वेगळी भरू लागली. यावरून अशा लयीला वार्षिक अंतर्गत लय असे स्थान मिळाले, आणि खऱ्या वर्षाशी तिला जुळवून ठेवण्याचे काम दिवसमान करते हेही कळले. शिअरवॉटरच्या बाबतीत रोवन आणि मार्शल-सर्व्हेंटी या दोघांचेही म्हणणे अशा रीतीने एकत्र नांदू शकले.

उरला होता तो मे ते सप्टेंबरचा कोरा भाग. तो भरून काढला एकविसाव्या शतकातील जिओलोकेटरने. काही ग्रॅम वजनाचे हे उपकरण पक्ष्याच्या पायावर बसवले जाते आणि ते केवळ उजेड आणि वेळ नोंदवत राहते. पुढल्या हंगामात पक्षी परतून तेच बीळ गाठतो तेव्हा ते काढून वाचले जाते. सूर्योदय आणि सूर्यास्त यांमधील अंतरावरून अक्षांश मिळतो, तर माध्यान्हाच्या वेळेवरून रेखांश. उजेडावरून ऋतू ओळखण्याची जी अडचण पक्ष्याला येते, तीच या उपकरणाला येते. मार्च आणि सप्टेंबरच्या संपातांच्या सुमारास सर्व अक्षांशांवर दिवस सारखाच असल्यामुळे त्या दिवसांत अक्षांश काढता येत नाही, आणि शिअरवॉटरांचे परतणे नेमके सप्टेंबरच्या संपाताच्या आगेमागे घडते. तरीही ग्रेट डॉग बेटावरील पक्ष्यांच्या अभ्यासातून, जो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, जुन्या कल्पना बऱ्याच बदलल्या. बेट सोडल्यावर हे पक्षी आधी उत्तरेकडे वळलेच नाहीत. ते दक्षिणेकडे, अंटार्क्टिकच्या थंड पाण्याच्या सीमेपलीकडे गेले, तेथे काही आठवडे खाऊन पुष्ट झाले आणि मग पश्चिम पॅसिफिकमधून दिवसाला ८०० किलोमीटरहून अधिक वेगाने, सुमारे दोन आठवड्यांत, उत्तरेस पोहोचले. काही जपानच्या उत्तर भागाजवळ थांबले, काही बेरिंग समुद्रात गेले. साऱ्या वर्तुळाची लांबी ६०,००० किलोमीटरच्या घरात भरली.

उत्तरेस असताना या पक्ष्यांचे अन्न मुख्यतः क्रिल, म्हणजे थंड समुद्रात थव्यांनी राहणारे कोळंबीसारखे छोटे जीव आणि लहान मासे हे असते, आणि तेथेच प्रौढ पक्षी उडण्याची मोठी पिसे गाळून नवी आणतात. पिसे पुरी होण्यास आणि परतीची चरबी साठण्यास लागणारा वेळ ठरलेला आहे. म्हणून शरीराची लय कितीही बिनचूक असली तरी ती समुद्रातील अन्नाच्या हंगामावर एक मूक भरवसा ठेवून चालते. तस्मानियातील बिळात बसलेल्या पक्ष्याला सहा महिन्यांनी बेरिंग समुद्राचे तापमान काय असेल हे कळण्याचा मार्ग नाही. लाखो वर्षांच्या निवडीतून घडलेली तारीखच त्याच्यासाठी अंदाजाचे काम करते, आणि समुद्र आपल्या सवयीने वागत होता तोवर तो अंदाज खरा ठरत राहिला.

२०१३ च्या ऑक्टोबरात पूर्व ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यांवर परतीच्या प्रवासाअखेर दमून, कृश होऊन मेलेले हजारो शिअरवॉटर वाहून आले. २०१९ च्या उन्हाळ्यात बेरिंग समुद्र आणि अलास्काच्या परिसरात पाणी नेहमीपेक्षा बरेच तापलेले असताना तेथील किनाऱ्यांवर या जातीचे पक्षी मोठ्या संख्येने मृत आढळले, आणि तपासलेल्या पक्ष्यांत उपासमारीची लक्षणे होती. त्याच वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस व्हिक्टोरिया राज्यातील वसाहतींवर जेथे दरवर्षी आभाळ भरून जाते तेथे पक्षी तुरळक दिसले, आणि जे आले त्यांतले बरेच उशिरा आले. त्यांचे निघण्याचे दिवस चुकले होते असे मानण्यास आधार नाही. अशक्त शरीराला तेच अंतर त्याच दिवसांत कापणे जमले नाही, हे अधिक संभवते. ऑक्टोबरात उशिरा पोहोचलेल्या मादीपुढे मग तीन आठवड्यांच्या त्या नाजूक सांध्याचा प्रश्न उभा राहतो: अंडे तयार करण्यासाठी समुद्रावर जायचे तर बीळ साफ करायला आणि जोडीदार गाठायला दिवस उरत नाहीत, आणि पंचवीस नोव्हेंबरनंतर फार काळ थांबायचे तर पिल्लू भरण्याआधीच एप्रिल येऊन ठेपतो.